मॅडमची डावी सीट

"पण हिला स्वतः गाडी चालवताना कोणी बघितलंय का?"

मंडपात माझ्या मागच्या खुर्चीवरून हे वाक्य आलं. बोलणारा माणूस मुलुंड पश्चिमेला ड्रायव्हिंग स्कूल चालवायचा आणि त्याच्या दोन विद्यार्थिनी त्या दिवशी शर्यतीत होत्या. त्याने हळू आवाजात विचारलं होतं, पण त्याचा हळू आवाज म्हणजे रिक्षास्टँडवरचा हळू आवाज. मॅडम माझ्या शेजारीच बसल्या होत्या. मिळालेलं उसनं हेल्मेट उलटं धरून त्याचा वास घेत होत्या.

"खोबरेल," त्या म्हणाल्या. मग मान न वळवता, "आणि ऐकू येतं मला. हेल्मेट अजून घातलेलं नाही."

मी तर गप्पच होते. माझं गप्प असणं सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. पण त्या प्रश्नाचं उत्तर त्या मंडपात मला एकटीला ठाऊक होतं. दीड वर्ष मी त्यांच्या गाडीत बसत होते आणि मीसुद्धा बघितलं नव्हतं.

मॅडम मुलुंड पूर्वेला गाडी शिकवायच्या. फक्त बायकांना, आणि बावीस वर्षं. गाडी एकच, पांढरी, छोटी. डॅशबोर्डवर बुद्धाची बोटभर उंचीची मूर्ती, हँडब्रेकच्या बाजूला बडीशेपेची डबी, आणि डाव्या सीटवर त्यांच्या आईच्या लुगड्याचं शिवलेलं आसन. त्या आसनावर दुसऱ्या कोणी बसायचं नाही. त्यांचे वडील परभणीहून इथे आले ते कंपनीतल्या नोकरीसाठी. मॅडम इथेच वाढल्या. बोलणं मात्र दोन्ही ठिकाणचं एकत्र करून, दोन्हीपेक्षा थोडं मोठ्या आवाजात.

बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि घरातली गाडी उभी राहिली, म्हणून आईने मला त्यांच्याकडे पाठवलं. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि रिक्षावाल्याला "इथेच थांबवा" म्हणायला मला जमायचं नाही. वाक्य आधी मनात इंग्रजीत तयार व्हायचं, मग मराठीत यायचं, तोवर घर मागे पडलेलं असायचं. पुढच्या सिग्नलला रिक्षा आपोआप थांबली की मी उतरायची आणि मागे चालत यायची.

मॅडमनी हे पहिल्या दिवशीच ओळखलं असणार, कारण त्यांचा पहिला नियमच माझ्या मुळावर येणारा होता. हॉर्न दहाव्या दिवशी. तोवर कोणी वाटेत आलं तर काच खाली करायची आणि तोंडाने सांगायचं. "काका, जरा बाजूला व्हा." "ताई, गाडी येतेय." त्यांचं म्हणणं, हॉर्न वाजवणाऱ्याला समोरचा माणूस दिसतच नाही, हाक मारायची तर आधी काका की ताई हे तरी बघावं लागतं.

तिसऱ्या दिवशी कॉलनीतल्या गल्लीत एक आजोबा दुधाची पिशवी घेऊन रस्त्याच्या मधोमध चालत होते. मी काच खाली केली. तोंड उघडलं. मिटलं. आणि पहिल्या गिअरमध्ये त्यांच्या मागून जात राहिले. पूर्ण गल्ली. मॅडमनी बडीशेप तोंडात टाकली, मागे रेलल्या आणि म्हणाल्या, "छान. आपण आज ह्यांना घरी सोडून येऊ."

रस्त्यावरच्या सगळ्यांशी त्यांचं नातं होतं. बस म्हणजे आत्या: "आत्याला आधी जाऊ दे, ती रागावते." रिक्षा म्हणजे पोरं. पाण्याचा टँकर आला की मात्र नात्याबित्याचं नाव न काढता "डावीकडे घे, डावीकडे घे" एवढंच. वेग त्या मराठी आकड्यांत सांगायच्या. "एकोणतीसच्या वर जाऊ नकोस," असं म्हटलं की मी दोन सेकंद हिशोब करायची, आणि तेवढ्यात वेग आपोआप कमी व्हायचा. त्यांना ते चालायचं.

त्यांच्या गाडीत डाव्या बाजूलाही पेडलं होती. दोनच, क्लच आणि ब्रेक. त्यांचा पाय त्यांच्या ब्रेकवर असायचा, आणि तो नुसता टेकला तरी इकडे माझ्या पायाखालचं पेडल किंचित आत जायचं. एखाद्याने खांद्यावर हात ठेवून चालावं तसं ते वाटायचं. बहुतेक बायकांना ते कळायचंही नाही. मला सतत कळायचं.

लायसन्सला त्या "ते कार्ड" म्हणायच्या. कार्ड सरकार देतं, पास मी करते, असं त्यांचं होतं. आणि पास व्हायची पद्धत अशी: एखाद्या दिवशी, गाडी चालू असताना, विद्यार्थिनीने आपणहून म्हणायचं, "मॅडम, पाय वर घ्या." मग मॅडम चपला काढायच्या, आसनावर मांडी घालून बसायच्या, आणि म्हणायच्या, "घेतले. आता तू आणि रस्ता." तिथून घरापर्यंत त्या खिडकीबाहेर बघत बसायच्या. पाय खाली घ्यायच्या नाहीत, काहीही होवो. कदमकाकू, ज्या साठीला आल्यावर शिकायला लागल्या, त्यांनी दोनदा म्हटलं आणि दोनदा घाबरून "घ्या खाली, घ्या खाली" केलं. मॅडम त्यांना अजून शिकवत होत्या.

मला कार्ड पहिल्या फटक्यात मिळालं. पण ते वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. कितीदा तयार केलं होतं. पुलावर म्हणू, पूल उतरल्यावर म्हणू, शाळेच्या वळणावर म्हणू. आणि घर यायचं. मॅडम उतरताना म्हणायच्या, "तुझं अजून बाकी आहे." आणि पुढच्या रविवारी सकाळी सातला त्या खाली उभ्या असायच्या. असं दीड वर्ष. कोणत्याशा रविवारी आमची मैत्री झाली असणार, कारण नंतर आम्ही गाडी लावून इडली खायला जायला लागलो, आणि ऑफिसात मला काय बोलता आलं नाही ते मी त्यांना सांगायला लागले.

मी बोलत नाही, त्यामुळे बघत जास्त असते. गाडी सकाळी साडेसहाला त्यांच्या बिल्डिंगच्या गेटातून काढायची ती पहिली विद्यार्थिनी. रात्री आत लावायची ती शेवटची. मधल्या वेळात गाडी एकीच्या दारातून दुसरीच्या दारात जायची, आणि स्टेअरिंगवर नेहमी त्यांच्यातलीच कोणीतरी. सुट्टीच्या दिवशी मॅडम बसने फिरायच्या. एकदा एका बाईला मध्येच चक्कर आली, तिचा नवरा येऊन तिला रिक्षाने घेऊन गेला, आणि मॅडमनी मला फोन केला. मी पोचले तर भाजी मार्केटच्या तोंडाशी गाडी उभी. स्टेअरिंग रिकामं आणि डाव्या सीटवर मॅडम शेंगदाणे खात बसलेल्या. तासभर. त्यांचं घर तिथून पाच मिनिटांवर होतं.

"आलीस? बस," त्या म्हणाल्या.

मी बसले. काही विचारलं नाही. त्यांनीही नाही सांगितलं.

तर शर्यतीचा फॉर्म. तो एका विद्यार्थिनीने गाडीत विसरला होता. कुठल्याशा महिला मोटर क्लबने हौशी बायकांसाठी एक दिवस ठेवला होता, बंद पडलेल्या एका कारखान्याच्या पटांगणात. रोजच्या वापरातली गाडी, एका वेळी एकच, शंकूंमधून आणि जुन्या टायरांमधून दोन चकरा, घड्याळ लावून. प्रत्येकीला दोन संधी, त्यातली चांगली वेळ धरायची. मॅडमनी फॉर्म दोनदा वाचला, भरला आणि मला म्हणाल्या, "रविवारी शिकवणी नाही. तू ये माझ्याबरोबर. पाणी धर आणि गप्प बस, ते तुला जमतं."

रविवारी सकाळी तिथवर गाडी अर्थात मी नेली. कारखान्याचं गेट दिसायला लागल्यावर त्या म्हणाल्या, "त्या पलीकडच्या स्कूलवाल्याने चार बायकांना सांगितलं. मॅडमला स्वतःला येत नाही म्हणून. माझ्याकडे येणार होत्या त्या."

मी गिअर बदलला.

"खोटं असतं तर मी त्याच्या दारात जाऊन भांडले असते," त्या म्हणाल्या. "खरं की खोटं, मलाच माहीत नाही. आज नाही जमलं तर उद्यापासून शिकवणं बंद. मला येत नसेल ते दुसऱ्यांना शिकवत बसणार नाही."

हे त्यांनी "आज भेंडी आणायची आहे" अशा आवाजात सांगितलं. नेम धरून, ठसक्यात त्या जे बोलायच्या ते कधी खरं नसायचं. हे खरं होतं.

गाड्या तपासणाऱ्या दाढीवाल्या मुलाने आमच्या गाडीत डोकं घातलं आणि बराच वेळ बाहेर काढलं नाही.

"मॅडम, इकडे पण पेडल?"

"शिकवायची गाडी आहे."

"बाजूला एक जण बसलेला चालतो आपल्याला. पण त्याचा पाय लागला तर रन बाद."

"बाजूला कोणी नसणार."

"आणि हा लाल एल काढायला लागेल ना? तुम्ही शिकाऊ नाही."

"गाडी शिकाऊ आहे. राहू दे."

त्याने राहू दिला. तिथून सुरुवातीच्या रेषेच्या अलीकडपर्यंत उतार होता, तेवढी गाडी मॅडमनी स्वतः नेली. मी दोरीच्या बाहेरून बघत होते. उजव्या सीटवर त्या फार लहान दिसत होत्या. आसन त्यांनी डावीकडेच ठेवलं होतं.

नेमकी रेषा मात्र चढावर होती. अगदी थोडा चढ, पण चढ. झेंडा खाली आला, मॅडमनी क्लच सोडला आणि गाडी गचका देऊन बंद पडली. पुन्हा चालू. पुन्हा गचका. कोणीतरी हसलं. तिसऱ्यांदा गाडी बंद पडली तेव्हा मला कळलं काय होतंय. बावीस वर्षं त्यांच्या बाजूला ॲक्सिलरेटर नव्हताच. क्लच त्या बरोबर जागी सोडत होत्या, मापून, हजारो वेळा सोडला तसा. आणि मग थांबत होत्या. शेजारच्या बाईने ॲक्सिलरेटर द्यायची वाट बघत होत्या.

तीनदा गाडी बंद पडली की ती संधी गेली, असा नियम होता. शिट्टी वाजली. चार जणांनी ढकलून गाडी बाजूला घेतली. मंडपातल्या त्या स्कूलवाल्याने आपल्या विद्यार्थिनींकडे बघून फक्त भुवया उडवल्या.

जेवणाच्या सुट्टीत बाकी सगळ्या बायका पुलाव घेऊन सावलीत बसल्या होत्या. एकमेकींच्या वेळा विचारत होत्या, शंकू कितीजणींनी पाडले त्यावर हसत होत्या. आमची गाडी टोकाला उभी होती. मॅडम डाव्या सीटवर, आसनावर, हेल्मेट मांडीत. मी दाराशी उभी राहून त्यांना पाणी दिलं.

"उद्या साडेसहाला कदमबाई येतील," त्या म्हणाल्या. "त्यांना तू फोन कर. नको, तू करशील आणि नुसती श्वास घेत बसशील. मीच करते."

मी बाटलीचं झाकण लावलं.

"भीती नाही वाटत गं मला," थोड्या वेळाने त्या म्हणाल्या. "तुला वाटतं तशी नाही. शेजारी कोणी नसलं ना, की चूक कोणाची तेच मला कळत नाही. दुसरं कोणी चालवत असलं की मला सगळं दिसतं. खड्डा दिसतो, तिचा पाय दिसतो, तिची सासू घरी काय बोलली ते दिसतं. तिकडे बसले की नुसती काच."

लाउडस्पीकरवर दुसऱ्या रनचे नंबर पुकारायला सुरुवात झाली. आमचा सहावा. मॅडम हलल्या नाहीत.

मला त्यांना बरंच काही सांगायचं होतं. वाक्यं तयार होती, दोन्ही भाषांत. शेवटी मी फक्त त्यांच्या बाजूचं दार पूर्ण उघडलं आणि दार धरून उभी राहिले. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"काय?"

मी उभीच.

"मी सांगितलं ना, बंद आता."

चौथा नंबर पुकारला. ऊन माझ्या मानेवर होतं. गप्प उभं राहण्यात मला कोणी हरवू शकत नाही. मॅडमनी दीड वर्ष त्याचा अनुभव घेतला होता. पाचवा पुकारला तेव्हा त्या पुटपुटत उतरल्या, बॉनेटला वळसा घालून गेल्या आणि स्टेअरिंगवर बसल्या. मी मंडपातून दुसरं हेल्मेट घेतलं आणि त्यांच्या आसनावर बसले. त्यांनी आसनाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि हेल्मेटचा पट्टा लावला.

रेषेवर दाढीवाला मुलगा खिडकीशी वाकला. "ताई, पाय लागला तर रन बाद. बघा हां."

माझ्या पायांखाली ती दोन पेडलं होती. घासून गुळगुळीत झालेली, उजवीकडच्या ब्रेकच्या रबरावर मॅडमच्या चवड्याचा खड्डा. समोर चढ, त्यापलीकडे टायरांचं वळण आणि भिंत. माझ्या पायाला तो ब्रेक हवाहवासा वाटत होता, हे कबूल करते.

मी सँडल काढले. पाय वर घेतले आणि आसनावर मांडी घातली.

मॅडम बघत राहिल्या. हेल्मेटमधून त्यांचे फक्त डोळे दिसत होते.

"पडशील," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी समोर बघितलं, आणि बोलायला लागल्या. माझ्याशी नाही. "चल. आरसा बघितलास? बघ. क्लच. पहिला. आता हँडब्रेक सोडायच्या आधी ॲक्सिलरेटर दे. थोडा. अजून. दे गं, घाबरतेस काय, इंजिन रडत नाहीये, गातंय ते. आता सोड."

झेंडा खाली आला आणि गाडी सुटली.

पहिलं वळण त्यांनी इंडिकेटर देऊन घेतलं. पटांगणात दुसरी गाडी नव्हती, तरी दिला. सगळ्या वळणांना दिला. आणि तोंड एकदाही थांबलं नाही. "दुसरा टाक. आता पाय दाब की, समोर काय तुझी आत्या चाललीय? वळव. छान. ब्रेक नको, अजून नको, आता हलका." धूळ काचेवर आली, मी दोन्ही हातांनी सीट धरली होती, मांडी सुटत होती आणि मी ती परत घालत होते. दुसऱ्या चकरेत एक शंकू उडाला. "त्याला कोणी सांगितलं होतं मध्ये उभं राहायला," मॅडम म्हणाल्या आणि तिसरा गिअर टाकला. भिंतीच्या बाजूच्या सरळ रस्त्यावर काटा कुठवर गेला ते मी बघितलं. मराठीत तो आकडा मला पटकन सांगता आला नसता.

चौदा जणींत मॅडम नवव्या आल्या. शंकूचे दंडाचे सेकंद धरून. त्यांना त्या नंबरात काहीच रस नव्हता. पलीकडच्या स्कूलचा माणूस गाडीजवळ आला, थोडा घुटमळला आणि म्हणाला, "मॅडम, शर्यतीत इंडिकेटर कोण देतं?"

"ज्याच्या मागे विद्यार्थी बघत असतात तो," मॅडम म्हणाल्या. "तुझ्या त्या निळ्या ड्रेसवालीला सांग, क्लचवर पाय ठेवून बसते ती. प्लेट जळेल." मग मला, "कदमबाईंना फोन करायला नको. उद्या साडेसहा म्हणजे साडेसहा."

त्या गोष्टीला आता पाच वर्षं झाली. मॅडम दोन वर्षांपूर्वी बहिणीकडे परभणीला राहायला गेल्या, गाडीसकट. इथून तिथवर गाडी कोणी नेली ते मी विचारलं नाही. आमच्या इथल्या बायका अजून रस्त्यावर बसला आत्या म्हणतात.

पण शर्यतीच्या त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. घरी यायला निघालो तेव्हा मॅडमनी किल्ली माझ्याकडे टाकली आणि सवयीने डावीकडे गेल्या. आसन झटकलं, बसल्या, पाय पेडलवर ठेवले. बडीशेप खाल्ली. मी गाडी काढली आणि लगेच मला ते कळलं: पायाखालचं पेडल, किंचित आत. नेहमीसारखं.

रेल्वेवरच्या पुलाच्या चढावर ट्रॅफिक तुंबलं होतं. समोर बस, मागे बाइकवाला अगदी चिकटून. बस हातभर पुढे सरकायची आणि थांबायची. मीही सरकत होते आणि थांबत होते. मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. पाय मात्र जागेवर. मी हँडब्रेक ओढला. आरशात मागचा बाइकवाला हॉर्न वाजवायला लागला. बसचे लाल दिवे विझले.

"आत्या निघाली," मॅडम म्हणाल्या.

वाक्य तयार नव्हतं. कोणत्याच भाषेत नव्हतं.

"मॅडम," मी म्हणाले, "पाय वर घ्या."